बेटाची पूर्ण प्रदक्षिणा की अर्धी फेरी? श्रीलंकेचा किनारा, आम्ही दोघे आणि एक भाड्याची गाडी

रंकाळावेस

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. या पंचवीस वर्षांत कोल्हापुरातून आम्ही जिथे जिथे गेलो, ते बहुतेक स्वतःची गाडी घेऊनच. कधी गगनबावड्याने मालवण, कधी आंबोलीने गोवा, कधी राधानगरीवरून फोंडा घाट उतरून देवगड. समुद्र दिसला की गाडी थांबवायची आणि भूक लागली की जेवायचे, एवढाच आमचा प्रवासाचा नियम आहे.

यंदा पत्नीच्या मनात श्रीलंका आहे. नकाशावर बोट फिरवून पाहिले. नेगोंबोपासून निघून कोलंबो, गॉल, मातरा, हंबनतोटा, मग पूर्वेला अरुगम बे, बट्टिकलोआ, त्रिंकोमाली, वर जाफना आणि मन्नार-पुत्तलमवरून परत नेगोंबो, अशी संपूर्ण बेटाची फेरी तेराशे ते चौदाशे किलोमीटरची होते. आमच्याकडे अकरा दिवस आहेत. म्हणजे रोजचे सव्वाशे किलोमीटर, कोल्हापूर-पुणे अंतराच्या जेमतेम निम्मे. जानेवारीचा शेवटचा आठवडा आणि फेब्रुवारीचा पहिला, असा बेत आहे. तिथेही वाहने डावीकडूनच चालतात, म्हणून गाडी आम्हीच चालवावी असे दोघांचेही मत आहे, आणि निम्मे अंतर आपण चालवणार हे पत्नीने आधीच जाहीर केले आहे.

जाणकारांनी सांगावे की हा बेत कितपत शहाणपणाचा आहे.

घाटवाट

अभिनंदन. बेत शहाणपणाचा आहे, महिना मात्र चुकला आहे.

हे बेट लहान दिसते म्हणून तिथे एकच हवामान असेल, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात त्याला दोन मोसमी पाऊस मिळतात. नैर्ऋत्येचा पाऊस मे ते सप्टेंबर या काळात दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याला झोडपतो, आणि त्याच काळात त्रिंकोमालीचा समुद्र तळ्यासारखा शांत असतो. ईशान्येचा पाऊस नोव्हेंबरपासून पूर्व आणि उत्तर किनाऱ्यावर येतो आणि जानेवारी संपेपर्यंत त्याचा भरवसा नसतो, तेव्हा गॉल आणि मिरिस्सा मात्र लख्ख उन्हात असतात. मधल्या डोंगरांमुळे हे घडते. आपण कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गगनबावड्याला धो धो कोसळत असताना जतमध्ये लोक आभाळाकडे बघत बसलेले असतात.

म्हणून जानेवारीअखेरीस पूर्ण फेरी मारलीत, तर अर्धा प्रवास सुंदर होईल आणि उरलेला अर्धा काचेवरचा वायपर पाहण्यात जाईल. आम्ही डिसेंबरात गेलो होतो. बट्टिकलोआच्या खाजणाकाठी तीन दिवस खिडकीतून पाऊस पाहिला. चहा उत्तम होता, एवढे सांगतो.

चौथी_सीट

एक भाबडी शंका विचारतो. आपली एमएच ०९ तिकडे नेता येणार नाही का? भाडे तरी वाचेल.

जुनेकागद

चौथी_सीट, शंका भाबडी असली तरी तिचे उत्तर रंजक आहे. नागपट्टिणम ते जाफन्याजवळचे कांकेसन्तुरै अशी बोट २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, परंतु ती माणसांसाठी आहे, मोटारींसाठी नाही. पूर्वी धनुष्कोडीपर्यंत आगगाडीने जायचे, तिथून बोटीने तलैमन्नारला उतरायचे आणि पलीकडे पुन्हा आगगाडीत बसून कोलंबो गाठायचे, अशी रीतसर सोय होती. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले आणि तो मार्ग तिथेच तुटला. तेव्हा मुंबईहून कोलंबोचे विमान पकडावे, हेच बरे.

दुपारचा_कट्टा

मी वेगळे मत मांडतो. श्रीलंकेत चालकासह गाडी घेण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे, की पुष्कळ हॉटेलांत चालकांच्या मुक्कामासाठी खोली राखलेली असते. आमच्या चालकाने दहा दिवसांत आम्हाला जे दाखवले, ते आम्हाला स्वतः सापडले नसते. कोणत्या वळणावर वांग्याचा मोजू चांगला मिळतो, कोणत्या मंदिरात दुपारी दार बंद असते, कोणत्या वेळी शाळा सुटतात आणि रस्ता पांढऱ्या गणवेशांनी भरून जातो, हे सगळे त्याला पाठ होते. शिवाय गाडी चालवणारा माणूस समुद्र पाहत नाही, तो समोरच्या बसचे मागचे दिवे पाहतो. पंचविसाव्या वाढदिवसाला दोघांपैकी एकाने दिवे पाहत बसावे, हे मला पटत नाही.

दीपा_किनारा

दुपारचा_कट्टा यांचे म्हणणे खरे आहे, पण चालक सोबत असला की दोघांचा प्रवास तिघांचा होतो. आम्ही भांडलो तरी हळू आवाजात भांडायचो, हे पहिल्या सहलीत फार जाणवले. त्यामुळे दुसऱ्या वेळी आम्ही स्वतः गाडी चालवली. त्यासंबंधी नेमके सांगते.

आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. तेवढ्यावर तिथे गाडी चालवता येत नाही. आम्ही कोलंबोच्या ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ सिलोनच्या कार्यालयात जाऊन त्यावर मान्यता घेतली आणि त्यात पहिल्या दिवसाची सकाळ गेली. निघण्यापूर्वी सध्याची पद्धत पाहून घ्यावी. वेगमर्यादा वस्तीत ताशी ५० किलोमीटर, वस्तीबाहेर ७० आणि द्रुतगती मार्गावर १०० आहे, आणि पोलीस ती मनावर घेतात.

गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी चित्रफीत काढून ठेवा. आम्ही ज्यांच्याकडून गाडी घेतली, त्यांनी परत करताना मागच्या बंपरवरील एक जुने खरचटणे आमच्या नावावर टाकले आणि अनामतीतून चांगली रक्कम कापून घेतली. विमानाची वेळ झालेली होती, त्यामुळे आम्ही वाद घातला नाही. तो वाद आजही आमच्या घरी अधूनमधून होतो, इतकेच.

घाटवाट

रोजचे सव्वाशे किलोमीटर या हिशेबाविषयी सांगायचे राहिले. कोलंबो ते गॉल या सुमारे १२० किलोमीटरसाठी दोन रस्ते आहेत. द्रुतगती मार्ग २०११ मध्ये गॉलपर्यंत, २०१४ मध्ये मातऱ्यापर्यंत आणि २०२० मध्ये हंबनतोट्यापर्यंत झाला. त्याने दीड-दोन तासांत पोहोचता येते, पण समुद्र दिसत नाही. भातखाचरे, रबराची झाडे आणि नारळ पाहत जायचे. जुना ए-२ हा गॉल रस्ता मात्र समुद्राला चिकटून जातो, एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला दुकाने, आणि मागून खासगी बस अशी येते की जणू तुम्हीच तिच्या घरात शिरला आहात. त्या रस्त्याने साडेतीन-चार तास धरावेत. तुमचा नियम जर समुद्र दिसला की थांबायचे हा असेल, तर गॉलला पोहोचायला दोन दिवसही लागतील.

रंकाळावेस

सर्वांचे आभार. महिन्याविषयीची माहिती डोळे उघडणारी आहे. पत्नीने घाटवाट यांचा प्रतिसाद वाचून एवढेच म्हटले की आपल्याला पाऊसच पाहायचा असता तर राधानगरी काय वाईट होती. मग मार्च धरला तर पूर्ण फेरी साधेल का?

उत्तरेचा_तारा

साधेल, आणि मारावीच असे मी म्हणेन. सगळे लोक दक्षिण किनारा पाहून परततात आणि श्रीलंका पाहिली असे सांगतात. त्रिंकोमालीला समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वराचे देऊळ आहे. पोर्तुगिजांनी मूळ देऊळ पाडून १६२४ मध्ये त्याच जागी किल्ला बांधला, त्यामुळे आजही देवाला जाताना किल्ल्याच्या दारातून आणि हरणांच्या कळपातून जावे लागते. कड्याच्या टोकाला उभे राहिल्यावर खाली निळे पाणी आणि मागे घंटा, असे दृश्य मी दुसरीकडे पाहिलेले नाही. जाफन्याहून पुनरीनच्या पुलावरून ए-३२ रस्त्याने मन्नारला उतरताना दोन्ही बाजूंना उथळ खारे पाणी आणि त्यात उभे रोहित पक्षी दिसतात. मन्नारमध्ये गोरखचिंचेचे जे जाडजूड झाड आहे, त्याला कवेत घ्यायला आख्खी तालीम लागेल. अरब व्यापाऱ्यांनी ही झाडे आणली असे सांगतात. मार्चमध्ये उत्तर कोरडी असते. अकरा दिवसांत होते, आम्ही केले आहे.

घाटवाट

उत्तरेचा_तारा यांनी वर्णन सुरेख केले आहे, पण किती वेळ गाडीत बसला होतात तेही सांगावे.

उत्तरेचा_तारा

प्रामाणिकपणे सांगायचे तर पुष्कळ. त्रिंकोमाली ते जाफना या एका दिवसात आम्ही फक्त पेट्रोल भरायला उतरलो.

वाटाड्या_नाही

या चर्चेत एक गोष्ट कोणी सांगितलेली नाही. नकाशावर बोट फिरवता येते, तशी गाडी फिरवता येत नाही, कारण किनाऱ्याचा रस्ता दोन ठिकाणी तुटतो आणि दोन्ही ठिकाणी जंगल आहे. दक्षिण-पूर्वेला याला नावाचे राष्ट्रीय उद्यान थेट समुद्रापर्यंत आलेले आहे. तिस्समहारामाहून अरुगम बे सरळ रेषेत जवळ दिसते, पण तिथे जायला कतरगामा, बुट्टला, मोनरागला असा आतून दीडशे किलोमीटरच्या आसपासचा वळसा घालावा लागतो. उत्तर-पश्चिमेला मन्नार आणि पुत्तलम यांच्यामध्ये विल्पट्टूचे जंगल आहे, तिथेही आत शिरून अनुराधपुराच्या बाजूने फिरून यावे लागते. म्हणजे किनाऱ्याने प्रदक्षिणा असे ज्याला आपण म्हणतो, तिचा मोठा भाग किनाऱ्यावर नसतोच.

कतरगामा ते बुट्टला रस्त्यावर हत्ती उभे असतात. ते फळांच्या आशेने गाड्या अडवतात, आणि लोकांनी खिडकीतून केळी देऊन देऊन त्यांना ही सवय लावली आहे. अंधार पडल्यावर त्या रस्त्याला जाऊ नये, काचा बंद ठेवाव्यात आणि गाडीत फळे दिसतील अशी ठेवू नयेत.

चौथी_सीट

म्हणजे टोलनाकाच की. फक्त पावती मिळत नाही.

सात्त्विक_थाळी

रंकाळावेस यांच्या घरी कोणी शाकाहारी असेल, तर हे ध्यानात ठेवावे. श्रीलंकेत भाज्या पुष्कळ मिळतात. फणसाची, बीटाची, भोपळ्याची, डाळीची आमटी, सगळे नारळाच्या दुधात असते, आणि आपल्या माणसाला तिखटाची काळजी करण्याचे कारण नाही, उलट लुणुमिरिस खाल्ल्यावर तांबड्या रश्श्याची आठवण येईल. परंतु पोल संबोल म्हणून खोबऱ्याची जी लाल चटणी प्रत्येक जेवणात येते, तिच्यात बहुधा उंबलकड, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा घातलेला असतो. भाजीतही तो असू शकतो. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण त्यांच्या लेखी तो मासा नसून मसाला आहे. माझ्या पत्नीने चार दिवस ती चटणी मिटक्या मारीत खाल्ली आणि पाचव्या दिवशी तिला कृती विचारण्याची दुर्बुद्धी झाली.

दुसरे म्हणजे प्रत्येक पौर्णिमेला पोयाची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद राहते आणि देवळांकडे जाणारे रस्ते भरतात. एप्रिलच्या १३-१४ तारखेच्या सुमारास सिंहली आणि तमिळ नववर्ष येते, तेव्हा निम्मे बेट आपापल्या गावी गेलेले असते.

जुनेकागद

जेवणाच्या ओघात भाषेचेही सांगतो, कारण रस्त्यावर तिचा उपयोग होतो. सिंहली ही आपल्याच भाषाकुळातली आहे. दिवसाला ते दवस म्हणतात, पुस्तकाला पोत, गावाला गम आणि आभार मानायचे झाल्यास इस्तुती. दक्षिणेला हे शब्द ऐकताना दूरच्या आत्याच्या घरी आल्यासारखे वाटते. उत्तरेला आणि पूर्वेला तमिळ सुरू झाली की मात्र आपली ही हुशारी संपते.

दीपा_किनारा

गॉलविषयी दोन शब्द. किल्ल्यात एक नव्हे, दोन मुक्काम करा. पोर्तुगिजांनी तिथे १५८८ मध्ये पहिला किल्ला बांधला, आणि आज दिसते ती भक्कम तटबंदी डचांची आहे. जुन्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला डच कंपनीचे चिन्ह आणि १६६९ हे वर्ष कोरलेले आहे, त्या चिन्हावर चक्क कोंबडा आहे. आपण पन्हाळ्यावर जातो तेव्हा किल्ला ही बघून परत यायची जागा असते, पण इथे किल्ल्यात शाळा भरते, न्यायालय चालते आणि तटावर संध्याकाळी पोरे पतंग उडवतात. २००४ च्या त्सुनामीत नव्या गॉलची वाताहत झाली, परंतु तटाच्या आतली वस्ती बरीचशी वाचली.

तिथे जाताना ए-२ वर हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलिय गाव लागते. २६ डिसेंबर २००४ रोजी तिथे भरलेली आगगाडी लाटेखाली सापडली आणि दीड हजारांहून अधिक माणसे गेली. रस्त्याकडेला पाण्यात उभी केलेली उंच बुद्धमूर्ती आहे. थांबायचे की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही थांबलो आणि नंतर बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही.

रंकाळावेस_सौ

मी या धाग्यावर केवळ वाचक होते, पण आता लिहिणे भाग आहे. यजमानांनी कागदावर तीन वेगवेगळ्या फेऱ्या आखल्या असून तिन्हींत जाफना आहे आणि तिन्हींत मला समुद्रकाठी स्वस्थ बसायला एकही दुपार नाही. ज्या सहलीत एका दिवसात फक्त पेट्रोलसाठी उतरायचे, ती मला नको. अर्धे बेट पाहू आणि अर्धे शिल्लक ठेवू. पूर्व किनारा ऑगस्टमध्ये चांगला असतो असे वरच कोणीतरी लिहिले आहे, मग तो एखाद्या ऑगस्टमध्ये पाहता येईल. चालक नको, याबाबत मात्र मी दीपाताईंच्या बाजूची आहे. आम्हीही हळू आवाजात भांडू शकत नाही.

दुपारचा_कट्टा

वहिनींपुढे माझी माघार.

उत्तरेचा_तारा

माझीही, पण ऑगस्टमधला कोणेश्वर चुकवू नका.

रंकाळावेस

ठरले. मार्चचा पहिला पंधरवडा, अर्धी फेरी, गाडी आम्हीच चालवणार. परत आल्यावर लिहितो.

रंकाळावेस

वचन दिल्याप्रमाणे लिहीत आहे. परवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने घरी पोहोचलो.

आम्ही कोलंबोहून ए-२ ने निघालो आणि घाटवाट यांचे भाकीत खरे करीत गॉलला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचलो. पुढे मिरिस्साला एका पहाटे बोटीने देवमासे पाहायला गेलो. तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, म्हणून निळा देवमासा इतक्या जवळ येतो, असे बोटीवरच्या मुलाने सांगितले. आम्हाला पाठीचा एक लांबलचक तुकडा आणि एक फवारा दिसला. पत्नीला मात्र शेपटी दिसली, कारण त्या क्षणी मी पिशवीतून टोपी काढत होतो. हे मला निदान पुढची दहा वर्षे ऐकावे लागेल. बेटाचे दक्षिण टोक असलेल्या दोंद्र्याला १८९० चे पांढरे दीपगृह आहे. त्याच्या पायथ्याशी एक दुपारभर बसलो. पुढे अंटार्क्टिकापर्यंत जमीनच नाही या विचारात मी होतो, आणि पत्नी शेजारच्या विक्रेत्याचे हात पाहत होती. नारिंगी रंगाच्या शहाळ्याला तिथे तंबिली म्हणतात. तो कोयत्याच्या दोन घावांत तोंड उघडी, पाणी पिऊन झाले की शहाळे परत मागून उभे चिरी, आणि सालाचीच चपटी कपची काढून मलई खायला चमचा म्हणून हातात देई. त्याच्या अंगठ्याचे नख कोयत्याने कधीतरी निम्मे नेलेले होते, आणि तरी त्याचे लक्ष कोयत्यावर नव्हते, रस्त्यावर थांबणाऱ्या बसकडे होते.

त्याआधी, वेलिगमाच्या अलीकडे, खांबांवर बसलेले मच्छीमार दिसले होते. त्यांतील बहुतेक जण आता मासा लागण्यापेक्षा पर्यटक थांबण्याची वाट पाहतात. मी पैसे देऊन छायाचित्र काढले आणि मग माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले.

आता बुट्टला रस्ता. वाटाड्या_नाही यांची सूचना मी छापून सोबत घेतली होती. सकाळी कतरगामाला फळांचे ताट घेऊन देवळात गेलो, आणि प्रसादाची केळी मागच्या सीटवर राहिली. गाडी पत्नी चालवत होती. एका वळणावर समोरची लॉरी थांबलेली दिसली आणि झाडीतून एकटा हत्ती डुलत रस्त्यावर आला. लॉरीवाल्याने त्याला काहीतरी दिले आणि तो निघून गेला. मग हत्ती आमच्याकडे वळला. काचा बंद होत्या. सोंडेचे टोक काचेवरून फिरत गेले, त्यावरचे राठ केस आणि ओला चिखल मला वीतभर अंतरावरून दिसत होता, आणि ज्या खिडकीमागे केळी होती तिथेच ते नेमके थांबले. मी पत्नीला मागे घे, मागे घे असे सांगत राहिलो. तिने काही उत्तर न देता गियर टाकला, गाडी सरळ रेषेत तीसेक मीटर मागे नेली आणि मागून आलेल्या बसला पुढे जाऊ दिले. हत्तीचा मोहरा बसकडे वळल्यावर आम्ही पलीकडून निघालो. बाजूचा आरसा उलटा वळला होता आणि काचेवर चिखलाचा पट्टा उमटला होता. बुट्टलाला पोहोचेपर्यंत ती काही बोलली नाही, आणि तिथे चहा पिताना म्हणाली की आंबोलीच्या धुक्यातली एसटी याहून अवघड असते.

अरुगम बे मार्चमध्ये निम्मे बंद होते, आणि त्यामुळेच बरे वाटले. तिथून वेल्लवायामार्गे डोंगरातल्या एल्लाला दोन दिवस चढून आलो आणि हंबनतोट्याच्या द्रुतगती मार्गाने परतलो. अकरा दिवसांत सुमारे आठशे पन्नास किलोमीटर झाले. त्यांतले पत्नीने किती चालवले हे ती स्वतः लिहील, कारण माझा आकडा तिला मान्य नाही.

गाडी परत करताना दीपाताईंची आठवण ठेवून मी चित्रफीत उघडून हातात धरली होती. तिथल्या मुलाने बंपर पाहिला, टायर पाहिले, मग चिखलाचा पट्टा आणि उलटा आरसा पाहिला. त्याने एकच शब्द विचारला, “अलिया?” म्हणजे हत्ती. मी मान हलवली. त्याने हसत आरसा जागेवर बसवला आणि अनामत पूर्ण परत केली.

दीपा_किनारा

आमच्या बंपरला हत्तीचे कारण आम्हाला सुचले नाही, तिथेच आम्ही चुकलो.

रंकाळावेस_सौ

पाचशे दहा किलोमीटर.